मुक्काम एक, बंद वार दोन

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ ३० किलोमीटर, अजिंठा १००. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. शाळेची सहल नेणाऱ्या मास्तरांना हे दोन वार झोपेतही पाठ असतात. तरीही परवाच्या जोडसुट्टीत फोनाफोनी फिरलेल्या कार्यक्रमात शनिवारी दौलताबाद-वेरूळ, रविवारी ‘शहर आणि खरेदी’ आणि सोमवारी अजिंठा असा क्रम होता. ज्यांनी तो जसाच्या तसा पाळला, त्यांनी १०० किलोमीटर जाऊन बंद फाटक पाहिले आणि तेवढेच परत आले. या स्तंभात हे वार याआधी तीनदा छापून झाले आहेत. चौथ्यांदा छापायला जागेची अडचण नाही.

वार चुकला तर पुढच्या खेपेला सुधारता येतो. खोलवरची चूक कार्यक्रमाच्या पहिल्याच ओळीत असते: शहरात एक हॉटेल घ्यायचे आणि तिथून रोज एका दिशेला जाऊन यायचे. जवळच्या ठिकाणांना हा हिशेब लागू पडतो. दौलताबाद १५ किलोमीटरवर, खुलताबाद २५च्या आसपास, पैठण पन्नाशीच्या पुढेमागे. अजिंठा मात्र या वर्तुळात बसत नाही, तो ओढून बसवला जातो. जायला अडीच तास, यायला अडीच तास. लेण्यांना जे उरते त्यात पार्किंग, बसची रांग, पायऱ्या आणि जेवण.

या सवयीला नव्या रस्त्याने बळ दिले. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला. मुंबईची गाडी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला शहरात पोचू लागली. गंमत अशी की याच रस्त्याने शहराची गरजही कमी केली. वेरूळला जाणाऱ्याने माळीवाड्याला उतरावे, अजिंठ्याला जाणाऱ्याने सावंगीला. शहर वाटेत येतच नाही. ज्यांना फक्त लेणी पाहायची आहेत त्यांनी संभाजीनगरात खोली का घ्यावी, याचे उत्तर आता भूगोलात सापडत नाही. ते सवयीत आहे, आणि हॉटेलांच्या संख्येत.

शहर मुळात रस्त्यांच्या गाठीवरच वसले. मलिक अंबरने १६१०च्या सुमारास खडकी या गावाला निजामशाहीच्या राजधानीचे रूप दिले. त्याच्या मुलाच्या काळात ते फतेहनगर झाले. १६५३मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि त्याने स्वतःचे नाव दिले. २०२३पासून ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आहे. ‘बावन्न दरवाजांचे शहर’ ही ख्याती आजही सांगितली जाते, उभे आहेत ते डझनाच्या आगेमागे. पण चार दिशांचे चार मुख्य दरवाजे म्हणजे या शहराची रस्तादर्शक पाटीच आहेत. उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला पैठण, पूर्वेला जालना, पश्चिमेला मक्का. ज्या दरवाजातून निघायचे त्याच्या नावातच पोचायचे गाव आहे. दिल्ली दरवाजाबाहेरचा रस्ता हर्सूलवरून फुलंब्री, सिल्लोड करत अजिंठ्याच्या घाटातून खानदेशात उतरतो. म्हणजे अजिंठ्याचा रस्ता हा उत्तरेला जाण्याचा जुना रस्ता आहे, लेण्यांसाठी काढलेली वाट नव्हे. घाटाखाली फर्दापूरला मोगलकालीन सराई आहे आणि घाटावरच्या अजिंठा गावातही. सराई बांधणाऱ्याला एवढे कळत होते की इथून त्याच दिवशी परत फिरायचे नसते.

तळ म्हणून एखादे शहर कसे वापरले जाते, हे समजायला विजयपूर शेजारी ठेवून पाहावे. सोलापूरहून १०० किलोमीटरवरचे हे आदिलशाहीचे शहर मराठी पर्यटकाला परके नाही. घराघरांत त्याचे नाव अजून विजापूरच आहे. दोन्ही दख्खनी राजधान्या. १६२४च्या भातवडीच्या लढाईत मलिक अंबरने मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला, तेव्हा दोन्ही आपापल्या भरात होत्या. विजापूर १६८६मध्ये औरंगजेबाच्या हाती पडले. दोन्ही शहरांत एकेक मोठी कबर आहे आणि दोन्हींपासून जागतिक वारशातली दगडी कामे साधारण सारख्याच अंतरावर आहेत. संभाजीनगरहून अजिंठा १००, विजयपूरहून बदामी सव्वाशेच्या आसपास, आणि बदामीच्या पलीकडे लगेच पट्टदकल.

वागणूक मात्र अगदी उलटी. विजयपुरात खोली घेऊन बदामी एका दिवसात उरकण्याचा बेत सहसा कुणी करत नाही. विजयपूर विजयपूरसाठी पाहिले जाते: गोल घुमट, इब्राहिम रोजा, जामा मशीद, बारा कमान, मुलूख-ए-मैदान तोफ, ताज बावडी. मग सामान गाडीत टाकून मुक्काम बदामीला हलतो, आणि तिथून ऐहोळे-पट्टदकल होते. हे शहाणपण कुणी शिकवलेले नाही. विजयपुराला स्वतःचे आकर्षण आहे आणि बदामीला स्वतःची हॉटेले. दोन्ही गोष्टी आपोआप जुळून आल्या. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापुरातही राहायची सोय आहे. तिथे रात्र काढणारा सकाळी नऊला लेणी उघडतात तेव्हा दारात असतो आणि शहरातून निघालेल्या गाड्या पोचेपर्यंत १ आणि २ क्रमांकांची लेणी पाहून मोकळा होतो. तरीही फर्दापूर बहुतेकांच्या कार्यक्रमात फक्त गाडी लावण्याचे ठिकाण म्हणून येते.

यामागचे कारण शोधताना दोन कबरींपाशी थांबावे लागते. गोल घुमट ही मुहंमद आदिलशहाची कबर. त्याचा मृत्यू १६५६चा. इमारतीचे काम पुरते संपलेच नाही. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. आतल्या गॅलरीत एका टोकाला कुजबुजले की समोरच्या टोकाला ऐकू येते, आणि शाळेची सहल आली की कुणालाच काही ऐकू येत नाही. इमारत काळ्या दगडाची, वर चुन्याचा गिलावा. संगमरवराचा थाट नाही. तरीही कुणी तिला कशाची स्वस्त नक्कल म्हणत नाही. रोमच्या किंवा इस्तंबूलच्या घुमटांशी तुलना होते ती बरोबरीच्या नात्याने.

बीबी का मकबरा दहाएक वर्षांच्या आतलाच, १६६०च्या दशकाच्या सुरुवातीचा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिच्यासाठी बांधलेला. त्याच्या वाट्याला ‘गरिबांचा ताज’ हे नाव आले आणि ते जे चिकटले ते चिकटलेच. गाईड पहिल्याच वाक्यात खर्च सांगतो: ६,६८,२०३ रुपये ७ आणे. वरचे ७ आणे सांगताना त्याचा सूर असा असतो, जणू कंजूषपणाचा पुरावा हाती लागला. ताजच्या वास्तुकाराचा मुलगा अताउल्ला याने तो रचला आणि हंसपत राय याने बांधकाम पाहिले. दोघांची नावे प्रवेशाच्या दरवाजावर कोरलेली आहेत. ताजवर अशी नावे ठळकपणे मिळत नाहीत, हे मात्र गाईड सांगत नाही. संगमरवर कमरेच्या उंचीपर्यंत आणि घुमटाला, बाकी सगळे गिलाव्याचे काम, आणि त्या गिलाव्यावरची नक्षी जवळून पाहण्यासारखी आहे. सुरतेहून गोवळकोंड्याला निघालेला फ्रेंच प्रवासी तॅव्हर्निये याला वाटेत संगमरवराने लादलेल्या सुमारे ३०० गाड्या भेटल्या. त्यांतल्या सर्वांत लहान गाडीला १२ बैल जुंपलेले होते. दख्खनच्या रस्त्यांनी पाहिलेल्या मोठ्या वाहतुकींपैकी ही एक. ती ज्या इमारतीसाठी चालली होती, तिला आज पाऊण तास मिळतो, तोही अजिंठ्याहून परतताना उजेड उरला तर.

गोल घुमटाला थोरला भाऊ नाही, मकबऱ्याला आग्र्यात थोरली बहीण आहे. शहराचेही तेच झाले. विजयपुराच्या दाराशी अजिंठा-वेरूळ नव्हते, म्हणून लोक विजयपूर पाहतात. संभाजीनगराच्या दोन्ही बाजूंना ते आहेत, म्हणून संभाजीनगर झोपायला उरते. याला आकडेवारीचा आधार मागू नये. शनिवारी रात्री हॉटेलच्या आवारातल्या नंबर प्लेटा मोजाव्यात आणि रविवारी सकाळी भडकल दरवाजापाशी उभे राहून त्यांतल्या किती तिथे येतात ते पाहावे. मलिक अंबरने १६१२मध्ये मोगलांवरच्या विजयासाठी उभारलेला हा दरवाजा शहरातल्या सर्वांत जुन्या उभ्या वास्तूंपैकी आहे. त्याच्या आसपास गाडी लावायला जागा मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

यानंतर पाणी. पाणी आले की या स्तंभाची गाडी दुसरीकडे वळत नाही, हे वाचकांना माहीत आहे. दोन्ही शहरांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत पाणी डोंगरातून, जमिनीखालून, उताराच्या जोरावर आणले. विजापूरने तोरवीकडून भुयारी मार्ग काढला आणि शहरभर पाण्याचे मनोरे उभारले. मलिक अंबरने खडकीच्या उत्तरेच्या डोंगरांतून नहर-ए-अंबरी आणली. पुढे आणखी नहरी झाल्या. त्यांतल्या एकीवर पाणचक्की चालत असे: बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात खापराच्या नळातून आलेले पाणी भिंतीत उंच चढवायचे, तिथून सोडायचे आणि त्या धारेवर जाते फिरवायचे. पीठ दर्ग्यात उतरलेल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी आणि गरिबांसाठी. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचे छत आहे, त्यामुळे वैशाखातही ते दालन गार राहते. ज्याच्या नावे हा दर्गा आहे त्याच्या नावातच ‘मुसाफिर’ आहे. पाणी, पीठ आणि गार सावली, एवढी सोय त्या काळात वाटसरूला फुकट होती.

आजचे शहर जायकवाडीचे पाणी पन्नासेक किलोमीटरवरून पंपाने वर खेचते. गेली अनेक वर्षे ते घरोघरी काही दिवसांआड येते. नव्या योजनेची खोदाई पाहत एक पिढी मोठी झाली. हॉटेलच्या नळाला मात्र चोवीस तास पाणी असते. ते कुठून येते हे मागच्या गल्लीत पहाटे उभे राहिले की दिसते: टँकर. अजिंठ्यातल्या चित्रांचे रंग दीड हजार वर्षे कसे टिकले, असा प्रश्न परतल्यावर शॉवरखाली पडत असेल तर त्याच वेळी हाही प्रश्न पडायला हरकत नाही.

शहराला एक पूर्ण दिवस दिला तर मकबऱ्यामागच्या डोंगरावर चढता येते. मकबऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर बौद्ध लेण्यांचे दोन गट आहेत. मुख्य लेणी सहाव्या-सातव्या शतकांतली. त्यांचे दुर्दैव असे की ती अजिंठा आणि वेरूळ यांच्यामध्ये सापडली. रिक्षावाल्याला ‘लेण्या’ म्हटले की तो वेरूळचे भाडे सांगतो. तिसऱ्या लेण्यात गुडघे टेकून बसलेल्या भक्तांच्या रांगा आहेत, दागिने आणि केशरचना निरनिराळ्या, चेहरे जिवंत. सातव्या लेण्याच्या दारापाशी अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटांची छोटी छोटी दृश्ये आहेत: आग, चोर, बेड्या, फुटते गलबत, सिंह, साप, हत्ती. प्रत्येक दृश्यात माणसे हात जोडून त्याचा धावा करत आहेत. ही यादी कुणाची, हे कळायला पुराणवस्तुशास्त्र लागत नाही. रस्त्यावर असणाऱ्या माणसाची ही यादी आहे. अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यातही हाच विषय आहे.

हा रस्ता फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी पुस्तकात भडोचहून दक्षिणेला पैठण २० दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे, आणि तिथून गाड्यांवर माल बंदराकडे येतो असेही. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी घराण्यातल्या माणसाने खांब दान केल्याचा लेख आहे. डोंगरातल्या या लेण्यांना पैसा आणि पाहुणे वाटेवरून मिळत होते. संभाजीनगरला तळ करायचाच असेल तर पैठण दरवाजातून दक्षिणेला आणि दिल्ली दरवाजातून उत्तरेला जाताना एवढे लक्षात ठेवावे की गाडी नवीन असली तरी खेप जुनीच आहे.

आता प्रत्यक्ष क्रम. पहिला दिवस शहराला: सकाळी डोंगरावरची लेणी, मग मकबरा, दुपारी उन्हात पाणचक्कीचे तळघर, संध्याकाळी गुलमंडी आणि शहागंज. हिमरू घ्यायचा तर तो विणताना पाहून घ्यावा. नान-खलिया जुन्या शहरात मिळतो. तुघलकाच्या फौजेबरोबर तो आला असे सांगतात, आणि पोट भरल्यावर ते तपासण्याची कुणाला घाई नसते.

दुसरा दिवस दौलताबाद आणि वेरूळ, मंगळवार सोडून. क्रम हाच ठेवावा, कारण किल्ला ऊन चढण्याआधी चढायचा असतो आणि वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून असल्याने त्यांना दुपारनंतरचा उजेड हवा असतो. यादवांच्या देवगिरीची अंधारी, कातळात खोल उतरलेला खंदक आणि मेंढा तोफ पाहून खाली यायला तीन तास सहज जातात. वाटेत खुलताबादला औरंगजेबाची उघडी, साधी कबर सगळे पाहतात. ज्याने हे शहर राजधानी केले त्या मलिक अंबरची कबरही त्याच गावात आहे आणि तिच्यासमोर गाडी लावायला भरपूर जागा असते. वेरूळची ३४ लेणी, पहिली बारा बौद्ध, मग हिंदू, शेवटची पाच जैन. कैलास सोळावे; राष्ट्रकूट कृष्णराज पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, ते वरून खाली कोरत आणले गेले. बहुतेक जण तिथेच संपवतात. दहाव्या लेण्याची, सुताराच्या झोपडीची, दगडी फासळ्यांची कमान आणि बत्तिसावी इंद्रसभा यांना उरलेला वेळ द्यावा. घृष्णेश्वराचे दर्शन रांग पाहून ठरवावे. मालोजीराजे भोसले आणि नंतर अहिल्याबाई होळकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला.

तिसऱ्या दिवशी खोली सोडावी. पैठण सकाळी करून यायचे तर नाथांची समाधी आणि नाथसागर दुपारपर्यंत होतात. पैठणी तिथे घ्यायची की येवल्याला, हा वाद ज्याच्या त्याच्या घरात सुटू द्यावा. मग सामान गाडीत घालून सिल्लोडचा रस्ता धरावा. या रस्त्याच्या रुंदीकरणाबद्दल पूर्वी इतके लिहून झाले आहे की नवा शब्द उरलेला नाही. जुने शब्द छापण्यासारखे नव्हते. संध्याकाळी घाट उतरून फर्दापूर. चौथ्या दिवशी, तो सोमवार नसेल तर, टी-पॉइंटला गाडी लावून पहिल्या बसने चार किलोमीटरवरच्या लेण्यांकडे जावे. १, २, १६ आणि १७ ही चित्रांची लेणी आधी पाहावीत, गर्दी वाढली की आत मोजून माणसे सोडतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटे लागतात आणि शहरातून आलेल्या मंडळींकडे नेमकी तीच नसतात. १८१९च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला पलीकडच्या कड्यावरून ही लेणी दिसली. त्या जागेवरून वाघुर नदीचा नालाकृती वळसा एका नजरेत येतो. १८४४पासून इथली चित्रे उतरवणारा रॉबर्ट गिल वर्षानुवर्षे अजिंठा गावातच राहिला. त्याने औरंगाबादेतून रोज ये-जा केली नाही.

लोणार हे सगळ्यांत शेवटी विचारले जाते. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेले, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास व्यासाचे हे विवर संभाजीनगरहून दीडशेच्या घरात आहे. तेही ‘तळावरून एका दिवसात’ या यादीत कोंबले जाते. जालन्यावरून गेल्यास वाटेत सिंदखेड राजा लागते, जिजाऊंचे जन्मस्थान, आणि तिथल्या लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यासाठी व समाधीसाठी तास-दीड तास हवाच. पुढे लोणारला दैत्यसूदन मंदिर पाहून विवराच्या काठावर पोचेपर्यंत दुपार उलटते. आत उतरायचे तर रात्र तिथेच काढावी. नागपूरकडे जाणाऱ्यांनी मागे वळू नये: मेहकर वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे आणि तिथून समृद्धीवर चढता येते.